तूट त्यांची, कात्री हिला

'तूट' या शब्दाइतका सोयीचा शब्द सरकारदरबारी दुसरा नसेल. इतकी वर्षे खात्यात फायली हलवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. तूट किती, हा आकड्यांचा प्रश्न असतो. तुटीपायी कापायचे कोणाला, हा आकड्यांचा प्रश्न कधीच नसतो. ते आधी ठरते, आकडे मागाहून जमवतात. टिपणी मात्र अशी लिहायची की जणू आकड्यांनीच साहेबांचा हात धरून सही करून घेतली! 'जड अंतःकरणाने' हा शब्द त्या टिपणीत हवाच. कात्री जितकी अन्यायाची, तितके अंतःकरण जड.

आता कोणी विचारील, की गोव्यात बसून अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या मुलींच्या पोहण्याच्या टीमची उठाठेव तुम्हाला कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की त्या प्रकरणाचे कागद वाचताना मला ते माझ्याच टेबलावरच्या फायलीसारखे वाटले. देश वेगळा, चलन वेगळे, पण लबाडीची तऱ्हा अगदी ओळखीची. शिवाय आपल्याकडे असा समज आहे की अमेरिकेत खेळ आणि शिक्षण हातात हात घालून चालतात आणि तिथल्या विद्यापीठांना खेळाडूंची कदर असते. असते ना. कोणत्या खेळाडूंची, एवढेच विचारायचे.

हकीकत अशी. ११ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनामुळे, 'बिग टेन' या विद्यापीठांच्या गटाने फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला. (फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. आपण गोंयकार फुटबॉलचे वेडे म्हणून मुद्दाम सांगतो. हा तो चिलखत घालून, चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ. त्याला फुटबॉल का म्हणतात हे तेच जाणोत.) दहाच दिवसांनी, २१ ऑगस्टला, आयोवा विद्यापीठाचे अध्यक्ष ब्रूस हॅरल्ड आणि क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांनी पत्र काढले. सुमारे १० कोटी डॉलर उत्पन्न बुडणार, ६ ते साडेसात कोटींची तूट येणार, सबब चार खेळ कायमचे बंद: पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचे टेनिस, पुरुषांचे पोहणे आणि बायकांचे पोहणे.

आता तारखा नीट बघा. १६ सप्टेंबरला, म्हणजे महिनाही उलटला नव्हता, त्याच बिग टेनने आपला निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फुटबॉल सुरूही झाला. ज्या कारणासाठी चार खेळ फासावर चढवले ते कारणच निम्मेअर्धे विरघळले. मग निर्णय मागे घेतला का? छे! फुटबॉल परत आला, टीव्हीचे पैसे परत आले, पोहणाऱ्या पोरी मात्र बंदच्या बंद. कोणत्याही कारकुनाला विचारा, कारण गेले तरी आदेश राहिला, तर त्याचा अर्थ काय होतो. ते कारण नव्हतेच, निमित्त होते!

आणि कापले ते कुठे, तर आयोवात. बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरासारखे पोहण्याची जी शैली, ती घडवण्यात याच विद्यापीठाच्या तलावाचा मोठा वाटा आहे. १९३०च्या दशकात डेव्हिड आर्मब्रस्टर हे तिथले प्रशिक्षक. छातीवर पोहताना हात पाण्याखालून पुढे नेण्यात वेग जातो, तर ते पाण्यावरून का आणू नयेत, हा त्यांचा ध्यास. त्यांचा जॅक सीग नावाचा विद्यार्थी दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचा. १९३५ साली या दोन गोष्टी एकत्र केल्या गेल्या. आज ऑलिंपिकमध्ये जी बटरफ्लाय दिसते तिची मुळे तिथपर्यंत जातात. अशा ठिकाणी पोहणे बंद करायचे, म्हणजे ज्या देवळात नाटकाची परंपरा रुजली तिथला मांडव मोडून पार्किंग करण्यासारखे आहे. पण परंपरेला बजेटात हेड नसते.

बरे, तूट खरीच होती असे धरू. कोरोनात सगळ्यांचेच कंबरडे मोडले, ते नाकारून चालणार नाही. पण मग त्याच खात्याने इतर वेळी पैसा कुठे वाहू दिला, तेही मांडू या. २०१७ साली या क्रीडाखात्याने ६५ लाख डॉलर देऊन स्त्री-पुरुष भेदभावाचे खटले मिटवले. हॉकीच्या महिला प्रशिक्षकाला काढून टाकले होते, आणि खात्यातल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्यालाही बाजूला सारले होते. ज्युरीने विद्यापीठाच्या विरोधात कौल दिला, मग तडजोड झाली. जून २०२० मध्ये, म्हणजे पोहणे बंद होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, फुटबॉल टीमच्या व्यायाम-प्रशिक्षकावर कृष्णवर्णीय माजी खेळाडूंनी वंशभेदी वागणुकीचे आरोप केले. त्याने ते नाकारले. त्याला निरोप देताना सुमारे ११ लाख डॉलर हातावर ठेवले. त्याचा वर्षाचा पगार ८ लाख डॉलर होता. वजने उचलायला शिकवणाऱ्याचा! पुढे २०२३ साली त्याच प्रकरणातल्या खेळाडूंना ४१ लाख ७५ हजार डॉलर देऊन तो खटला मिटवला आणि त्यातले २० लाख करदात्यांच्या खिशातून गेले.

बेरीज करा. जवळजवळ १ कोटी १८ लाख डॉलर झाले. यातला एक डॉलरही पोहणाऱ्या मुलींमुळे गेलेला नाही. या रकमा ज्यांच्या कारभारात गेल्या ते बार्टासाहेब २००६ पासून खुर्चीवर होते आणि २०२३ मध्ये रीतसर निवृत्त झाले. राज्याच्या लेखापरीक्षकाने त्यांना काढा असे जाहीरपणे म्हटले होते. लेखापरीक्षकाचे कोण ऐकतो? इथे नाही, तिथेही नाही.

मुलींनी मात्र ऐकून घेतले नाही. टीममधल्या चौघी जणी सप्टेंबर २०२० मध्ये सरळ फेडरल कोर्टात गेल्या. हाती शस्त्र एकच: १९७२चा 'टायटल नाइन' कायदा. मूळ इंग्रजीत अवघे ३७ शब्द. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढाच मथितार्थ. त्यात 'खेळ' हा शब्दसुद्धा नाही.

हा कायदा का लागला, ते समजायला पोहण्याइतके चांगले उदाहरण नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डॉन शोलँडर या मुलाने चार सुवर्णपदके मिळवली आणि तो येल विद्यापीठाच्या टीममधून पोहू लागला. त्याच ऑलिंपिकमध्ये डॉना दे व्हरोना या सतरा वर्षांच्या मुलीने दोन सुवर्णपदके मिळवली. तिला कॉलेजात पोहण्यासाठी शिष्यवृत्ती देणारे एकही विद्यापीठ नव्हते, कारण मुलींसाठी ती चीजच अस्तित्वात नव्हती. जगातली उत्तम जलतरणपटू सतराव्या वर्षी निवृत्त! ती दूरदर्शनवर समालोचन करू लागली आणि पुढे या कायद्याच्या बाजूने झगडली. एनसीएए या विद्यापीठीय क्रीडासंघटनेने मुलींची पोहण्याची अजिंक्यपद स्पर्धा भरवली ती थेट १९८२ साली, कायदा होऊन दहा वर्षांनी. म्हणजे आयोवातल्या मुलींच्या हातातले शस्त्र त्यांच्या आज्यांच्या पिढीने घडवलेले होते.

डिसेंबर २०२० मध्ये न्यायाधीश स्टेफनी रोझ यांनी विद्यापीठाला मनाई केली. मुद्दा साधा होता. विद्यार्थ्यांत मुलींचे जे प्रमाण, त्याच्याशी जुळते प्रमाण खेळाडूंत हवे. ते नसेल, तर मुलींची चालू टीम, जिच्यात पोहायला मुली तयार आहेत, ती बंद करता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने मुलींचे पोहणे कायम ठेवत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी तडजोड झाली. पोहण्याची टीम किमान सात वर्षे ठेवायची, मुलींची कुस्ती सुरू करायची, आणि मुलींच्या वल्हवण्याच्या टीमची संख्या ७५च्या वर न्यायची नाही. ही शेवटची अट वाचून मला हसू आले. मुलींची संख्या जास्त दिसावी म्हणून वल्हवण्याच्या यादीत नावे कोंबतात, असा त्या मुलींचा आरोप होता. हजेरीपटावर नावे फुगवण्याची कला आपलीच असे मला वाटे. कुस्तीचे सांगायचे तर ज्या विद्यापीठाला मुलींसाठी पैसा नव्हता, त्याच विद्यापीठाच्या मुलींनी २०२४ साली कुस्तीचे राष्ट्रीय विजेतेपद आणले.

आता इथे एक प्रतिवाद हमखास येतो, आणि तो करणारे सगळेच काही दुष्ट नसतात. मुलींची टीम कायद्याने वाचली, मुलांची बुडाली. फुलपाखरू जिथे पंख पसरले त्या आयोवात आज पुरुषांची पोहण्याची टीम नाही. मग मुलींच्या हक्कापायी मुलांचा बळी गेला की नाही? मला त्या मुलांबद्दल मनापासून वाईट वाटते. पण त्यांना कोणी खाल्ले ते बघा. २०२५पर्यंत एनसीएएच्या नियमाने मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. मुलांच्या पोहण्याला किती? ९.९. होय, नऊ पूर्णांक नऊ दशांश! तो शून्य पूर्णांक नऊ दशांश माणूस कसा पोहत असेल, हे मला अजून कळलेले नाही. मुलींच्या पोहण्याला १४ मिळत. कारण उघड आहे. पुरुषांच्या बाजूला फुटबॉल एकटा ८५ ताटे मांडून बसलेला, त्यामुळे उरलेल्या मुलांना अर्धपोटी ठेवायचे आणि मुलींच्या बाजूला थोडे जास्त वाढून तराजू सारखा दाखवायचा. मग कधी मुलांच्या पंगतीत ताट कमी पडले, की बोट दाखवायचे मुलींकडे. मोठा भाऊ सगळे खाऊन बसला आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

'पण फुटबॉल कमावतो हो! कमावतो तो खर्च करील.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा कंटाळा आला. २०१९ साली, म्हणजे कोरोनाच्या आधी, एनसीएएच्याच हिशेबाने सुमारे अकराशे विद्यापीठांपैकी जेमतेम पंचवीस विद्यापीठांच्या क्रीडाखात्यांचे उत्पन्न खर्चाहून जास्त होते. म्हणजे कमावता म्हणवणारा मुलगा घराघरात कर्ज काढतो आहे.

आणि पोहणे काहीच कमावत नाही, हेही खोटे आहे. इथे कारकुनाचा डोळा लागतो, म्हणून जरा थांबून सांगतो. मुलींच्या टीममध्ये समजा तीस जणी आहेत आणि शिष्यवृत्त्या १४. त्या १४ सगळ्यांत तुकडे करून वाटतात. म्हणजे बहुतेक मुली आपल्या शिक्षणाची बरीचशी फी स्वतः भरतात, आणि परराज्यातून आलेल्या मुलींची फी तर घसघशीत असते. त्यातल्या कित्येक जणी त्या विद्यापीठात येतात त्याच मुळी तिथे पोहायला मिळते म्हणून. टीम बंद केली तर ही फी जाते. पण ती फी जमा होते विद्यापीठाच्या खात्यात, आणि तलावाचे पाणी, प्रशिक्षकाचा पगार, प्रवास हे सगळे खर्ची पडते क्रीडाखात्यात. उत्पन्न एका हेडला, खर्च दुसऱ्या हेडला! मग क्रीडा संचालक ताळेबंद दाखवतो आणि म्हणतो, बघा, या पोरी नुसत्या खर्चाच्या धनी. फुटबॉलच्या माणसांपायी झालेल्या तडजोडीच्या रकमा मात्र कधी 'फुटबॉलचा तोटा' म्हणून मांडल्या जात नाहीत. त्या 'इतर'. या 'इतर' रकान्याला मी फार मानतो. जगातली निम्मी पापे तिथे सुखाने झोपलेली असतात.

तिसरा हिशेब अभ्यासाचा, आणि तो तर कोणत्याच हेडला नाही. आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की आईबाप पहिला बंद करतात तो पोरीचा पोहण्याचा क्लास. पोहून का मार्क मिळणार आहेत! तिकडे उलटे चित्र आहे. पहाटे सूर्य उगवायच्या आत पाण्यात, मग वर्ग, मग पुन्हा पाण्यात. आठवड्याला वीस तासांची मर्यादा एनसीएएने घातलेली आहे खरी, पण प्रवास आणि उपचार त्यात धरत नाहीत. एवढे करून मुलींच्या पोहण्याच्या टीममध्ये पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९०च्या वर असते. टीमची सरासरी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की प्रशिक्षकांची संघटना त्या टीमचे नाव जाहीर करते, आणि ती यादी दरवर्षी लांबलचक असते.

व्हर्जिनिया विद्यापीठाचे उदाहरण मला विशेष आवडते. २०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे तिथल्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या काळात केन ओनो हे गणिताचे प्राध्यापक तिथे होते. आपल्या रामानुजनच्या गणितावर आयुष्य वेचलेला माणूस. रामानुजनवरच्या २०१५च्या चित्रपटाला त्यांनीच सल्ला दिला होता. हे गृहस्थ पोहणाऱ्या मुलींच्या अंगाला संवेदक बांधून, त्यांच्या हालचालींचे आकडे काढून, कुठे वेग मरतो ते शोधू लागले. केट डग्लस ही त्या टीममधली मुलगी. ती नुसती मोजून घेत बसली नाही, संख्याशास्त्राची विद्यार्थिनी होऊन त्याच विषयावरच्या शोधनिबंधात ओनोंच्या बरोबर लेखिका झाली. तिने संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि २०२४ साली पॅरिसला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक घेतले. विद्यापीठ कशासाठी असते याचे याहून चांगले उत्तर कोणी मला दाखवावे. पण हे फळ कोणत्या रकान्यात मांडणार?

नेमणुकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सगळेच काळेबेरे आहे. १९७२ साली, कायदा व्हायच्या आधी, मुलींच्या टीमचे दहातले नऊ प्रशिक्षक बायका होत्या. तेव्हा त्या कामाला पैसा नव्हता. कायद्याने पैसा आला, आणि पैशामागोमाग पुरुष आले. २०१२च्या सुमारास बायकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली उतरले होते. पोहण्यात तर मुख्य प्रशिक्षक बाई दिसणे विरळाच. म्हणून टेरी मॅकीव्हर या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) प्रशिक्षिकेचे केवढे कौतुक व्हायचे! चार राष्ट्रीय विजेतेपदे, आणि २०१२च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकन महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण २०२२ साली त्यांच्याच मुली बोलू लागल्या. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना कामावरून काढले. आरोप त्यांनी नाकारले, पण मुलींच्या शाब्दिक छळाने आणि भेदभावाने विद्यापीठाच्या धोरणाचा भंग झाला असा चौकशीचा निष्कर्ष होता. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. जवळजवळ तीस वर्षे त्या पदावर असताना कोणालाच काही दिसले नाही? दिसले असणार. पण जिथे पदके येतात तिथे तक्रारीच्या अर्जावर 'फाईल करावे' असा शेरा मारतात, एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे. बाई नेमली म्हणजे संपले, असे मानणाऱ्यांनी ही फाईल वाचावी.

आता पुढची फेरी सुरू झाली आहे. जून २०२५ मध्ये 'हाउस' खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंच्या घामावर इतकी वर्षे दुसरेच गब्बर झाले, तेव्हा त्यांना पैसे मिळाले याचा आनंदच आहे. पण मागील थकबाकीचे जे वाटप ठरले त्यात सिंहाचा वाटा फुटबॉलचा, मग पुरुषांचा बास्केटबॉल. पोहणाऱ्या मुलींच्या पदरी चिल्लर. काही महिला खेळाडूंनी याविरुद्ध अपील केले, त्याच 'टायटल नाइन'च्या आधारे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षणखात्याने या पैशांनाही समानतेचा नियम लागू आहे असे परिपत्रक काढले होते. सरकार बदलले आणि फेब्रुवारीत ते मागे घेतले. परिपत्रकाचे आयुष्य एक महिना! आमच्या खात्यातली परिपत्रके यापेक्षा जास्त जगतात.

तडजोडीला मंजुरी मिळण्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मुलांचे व मुलींचे पोहणे बंद केल्याचे जाहीर केले. कारण दिले 'हाउस'चे: क्रीडाखात्याला वर्षाला किमान साडेचार लाख डॉलरचा फटका. मुलामुलींनी विनवण्या केल्या, तेव्हा विद्यापीठ म्हणाले, ठीक आहे, अडीच कोटी डॉलरचा निधी उभा करा, मग विचार करू. नंतर उदार होऊन दोन कोटींवर आले. वर्षाच्या साडेचार लाखांसाठी पोरांनी दोन कोटी जमवायचे! माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी धावपळ केली, पण तेवढा पैसा जमला नाही आणि टीम गेली. फुटबॉलवाल्यांना कधी कोणी सांगितले आहे का, की आधी मुद्दल आणा, व्याजावर खेळा?

आयोवातल्या तडजोडीची सात वर्षे २०२८च्या सुमारास पुरी होतील. टीम ठेवण्याची अट तिथवरच आहे. कुस्ती जिंकते आहे, फुटबॉलचा खर्च वाढतोच आहे, आणि पैसे वाटण्याची नवी मर्यादा दरवर्षी वर सरकणार आहे. २०२८चे पत्र कोणी लिहायला घेतले असेल, तर त्यातले 'जड अंतःकरणाने' जुन्या फायलीतून तसेच उचलता येईल. तेवढेच टायपिंग वाचले.